रक्तदात्यांच्या नकाशावर एचटीएलव्ही-१

१९७०च्या दशकात क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाचे असे काही रुग्ण येऊ लागले, की ज्यांचा आजार तेव्हाच्या कोणत्याच वर्गात बसेना. रुग्ण प्रौढ वयाचे होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पांढऱ्या पेशींची केंद्रके फुलाच्या पाकळ्यांसारखी फाटलेली दिसत आणि नेहमीच्या औषधांना आजार दाद देत नसे. ताकात्सुकी कियोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली अशा १६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आजाराला 'प्रौढांचा टी-पेशी ल्युकेमिया' असे नाव मिळाले. रुग्णाचे राहते गाव विचारून हे डॉक्टर थांबले नाहीत, त्यांनी जन्मगावही विचारले. १६ पैकी १३ जण जपानच्या नैर्ऋत्येकडच्या क्यूशू बेटावर जन्मलेले निघाले.

एखादा कर्करोग एका बेटाला चिकटून राहावा, यामागे काय असेल? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना एक विषाणू सापडला, त्या विषाणूपायी रक्तपेढ्यांचे नियम बदलले आणि लाखो निरोगी रक्तदात्यांच्या चाचण्यांतून त्याचा नकाशा तयार झाला. त्या नकाशाच्या अर्थाबद्दल आज बरेच ठरले आहे आणि बरेच ठरायचे आहे. दोन्हींचा हिशेब इथे मांडतो.

विषाणू कसा सापडला

१९८० साली अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत बर्नार्ड पोईझ व इतरांनी टी-पेशींच्या कर्करोगाच्या एका रुग्णातून रेट्रोव्हायरस वेगळा केला. माणसात आढळलेला हा पहिला रेट्रोव्हायरस. त्याच सुमारास क्योतोमध्ये हिनुमा योरिओ वेगळ्या वाटेने तिथेच पोचत होते. मियोशी इसाओ यांनी रुग्णांच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या होत्या. त्या पेशींना चिकटणारी प्रतिपिंडे कोणाच्या रक्तात आहेत, हे हिनुमांनी तपासले. १९८१च्या त्यांच्या निबंधातले आकडे आजही थबकायला लावतात: ल्युकेमियाच्या ४४ पैकी ४४ रुग्णांत ती होती आणि आजाराचा प्रादुर्भाव असलेल्या भागातल्या धडधाकट प्रौढांतही २६ टक्क्यांत होती. इतर भागांतल्या निरोगी माणसांत मात्र ती क्वचितच मिळाली. १९८२ साली योशिदा मित्सुआकी यांनी जपानी विषाणूची जनुकीय ओळख पटवली. पुढे अमेरिकी आणि जपानी विषाणू एकच आहे हे स्पष्ट झाले आणि एचटीएलव्ही-१ हे नाव रूढ झाले.

या विषाणूचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय नकाशा वाचता येत नाही. एकदा शरीरात शिरला की तो आयुष्यभर राहतो. तो पसरतो तो मुख्यतः जिवंत बाधित पेशींमधून, म्हणजे आईच्या दुधातून, लैंगिक संबंधातून आणि रक्तातून. बहुसंख्य वाहकांना काहीच होत नाही. सुमारे २ ते ५ टक्के वाहकांना आयुष्यात कधीतरी ल्युकेमिया होतो, तोही बहुधा लहानपणी लागण झाल्यावर कित्येक दशकांनी. याहून थोड्यांना मज्जारज्जूचा आजार होऊन पाय हळूहळू लुळे पडतात. १९८५ साली कॅरिबियनमधल्या मार्तिनिक बेटावरच्या अभ्यासकांनी आणि १९८६ साली क्यूशूतल्या कागोशिमात ओसामे मित्सुहिरो यांनी या दुसऱ्या आजाराचा विषाणूशी असलेला संबंध दाखवला. ओसामे यांच्या काही रुग्णांना पूर्वी रक्त चढवलेले होते, आणि रक्तपेढ्यांच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची ठरली.

रक्तपेढ्या या प्रश्नात कशा आल्या

१९८४ साली ओकोची काझुओ व सहकाऱ्यांनी एक साधा पण निर्णायक अभ्यास मांडला. प्रतिपिंडे असलेल्या दात्यांचे रक्त ज्यांना चढवले गेले होते, त्यांचा त्यांनी माग काढला. पेशी असलेले रक्तघटक मिळालेल्या ४१ पैकी २६ जणांत पुढे प्रतिपिंडे उमटली. गोठवून ठेवलेला प्लाझ्मा मिळालेल्या १४ जणांत मात्र एकालाही लागण झाली नाही. एका तक्त्यात मावणाऱ्या या आकड्यांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. रक्तातून लागण होते, आणि ती पेशींमार्फत होते.

नोव्हेंबर १९८६पासून जपानी रेडक्रॉसने देशभरातल्या प्रत्येक रक्तदानाची एचटीएलव्ही-१साठी चाचणी सुरू केली. हेतू होता रक्त घेणाऱ्याची सुरक्षितता. पण दरवर्षी लाखो निरोगी माणसांचे वय, लिंग, भाग आणि चाचणीचा निकाल एका ठिकाणी जमा होऊ लागला. कुठल्याही संशोधकाला पदरच्या पैशाने असे सर्वेक्षण करता आले नसते.

नकाशा काय दाखवतो

१९८८च्या सुमाराच्या अंदाजानुसार जपानमध्ये सुमारे १२ लाख वाहक होते आणि त्यांतले जवळजवळ निम्मे क्यूशू-ओकिनावा भागात. खुद्द क्यूशूतही प्रमाण सारखे नव्हते. दक्षिणेकडचे कागोशिमा व मियाझाकी आणि पश्चिमेकडचे नागासाकी हे प्रांत पुढे, तर उत्तरेकडचा फुकुओका तुलनेने मागे. किनाऱ्यावरची एकाकी मच्छीमार गावे आणि लहान बेटे यांत प्रमाण जास्त, तर जवळच्याच दुसऱ्या गावात बरेच कमी, असेही चित्र दिसे.

पुढची मोठी मोजणी साताके मासाहिरो व सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केली. २००६-०७ या दोन वर्षांत पहिल्यांदा रक्त देणाऱ्या ११,९६,३२१ जणांपैकी ३,७८७ जण बाधित आढळले, म्हणजे हजारी साधारण तीन. यावरून काढलेला देशातल्या वाहकांचा अंदाज किमान १०.८ लाख होता. वीस वर्षांत सुमारे दहा टक्के घट.

या अंदाजात भूगोल बदललेला दिसतो. क्यूशूचा वाटा घसरला आणि तोक्यो ज्या कान्तो प्रदेशात येते त्याचा वाटा सुमारे ११ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेला. युद्धोत्तर काळात क्यूशूतून लाखो तरुण कामासाठी पूर्वेकडच्या शहरांत गेले, तिथेच त्यांची लग्ने झाली, मुले झाली. विषाणू त्यांच्याबरोबर गेला. दात्याच्या अर्जावर सध्याचा पत्ता असतो, आईचे माहेर कुठले ते नसते, त्यामुळे तोक्योतला दाता 'तोक्योचा' म्हणून मोजला जातो. आजार एका कोपऱ्यातला आहे ही समजूत जपानमध्ये फार काळ टिकली आणि तिचा तोटा झाला, असे माझे मत आहे. ईशान्येकडच्या मियागी प्रांताचे माजी राज्यपाल आसानो शिरो यांनी २००९ साली आपल्याला हा ल्युकेमिया झाल्याचे जाहीर केले, तेव्हा क्यूशूबाहेरच्या अनेकांनी या आजाराचे नाव पहिल्यांदा ऐकले.

आणखी एक बदल वयाचा. १९८८ साली सर्वाधिक वाहक पन्नाशीतले होते, तर २००७च्या अंदाजात ते सत्तरीतले. पन्नाशीतली माणसे वीस वर्षांनी सत्तरीत पोचली, एवढाच त्याचा सरळ अर्थ. जुन्या पिढीत लागण जास्त होती आणि ती पिढी वयाबरोबर पुढे सरकत गेली. १९८०नंतर जन्मलेल्या दात्यांत प्रमाण खूपच कमी आहे.

क्यूशूच का?

या प्रश्नावर तीन मते मांडली गेली.

पहिले गॅलो यांचे. १९८३ साली त्यांनी सुचवले, की सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि माकडे यांच्यामार्फत विषाणू जपानात आला असावा. १५४३ साली पोर्तुगीज पहिल्यांदा उतरले ते क्यूशूच्या दक्षिणेकडच्या तानेगाशिमा बेटावर, त्यामुळे हे मत वरकरणी पटण्यासारखे होते. कॅरिबियन बेटे आणि ब्राझील इथला विषाणूचा आढळ गुलामांच्या व्यापाराशी जुळतो, हाही त्याला आधार होता.

दुसरे मत हिनुमा, इशिदा आणि नंतर ताजिमा काझुओ यांच्या गटांचे. उत्तर टोकाच्या होक्काइदो बेटावरच्या आइनू लोकांत आणि दक्षिण टोकाच्या ओकिनावात, म्हणजे पोर्तुगीजांचा संबंध नसलेल्या दोन टोकांना, विषाणूचे प्रमाण जास्त होते. मधल्या मुख्य बेटावर, तसेच कोरिया आणि चीनमध्ये ते कमी होते. जपानी लोकसंख्येबद्दल हानिहारा काझुरो यांनी मांडलेल्या दुहेरी घडणीच्या सिद्धान्ताशी हे जुळते. आधी शिकार आणि मासेमारीवर जगणारे जोमोन लोक होते, नंतर आशिया खंडावरून भातशेती घेऊन यायोई लोक आले आणि जुने लोक दोन टोकांना जास्त शिल्लक राहिले. विषाणू जोमोनांचा आणि मधला कमी प्रमाणाचा पट्टा यायोईंचा, असा हा युक्तिवाद. पुढे जनुकीय तुलनेने पोर्तुगीज कल्पना मागे पडली. जपानी माकडांतही अशा प्रकारचा विषाणू आहे, पण तो माणसांतल्या प्रकारापासून इतका दूरचा आहे की तिथल्या माकडांतून माणसांत आल्याची शक्यता उरली नाही.

जोमोन मतावर मात्र आक्षेप आहेत. यायोई लोक उतरले तेच मुळी उत्तर क्यूशूत. मग क्यूशूत प्रमाण इतके कसे टिकले? जपानमध्ये विषाणूचे दोन उपगट आहेत, एक बहुतांशी जपानपुरता आणि एक जगभर पसरलेला. त्यांचे प्रमाण भागाभागांत वेगळे आहे, ओकिनावात दुसरा जास्त दिसतो. म्हणजे आगमन एकदाच झाले असे म्हणणे कठीण. १९९९ साली चिलीच्या आटाकामा वाळवंटातल्या सुमारे १५०० वर्षांपूर्वीच्या ममीत या विषाणूचा अंश सापडल्याचा जपानी संशोधकांचा दावा प्रसिद्ध झाला आणि आशियातून अमेरिकेकडे झालेल्या प्राचीन स्थलांतराशी तो जोडला गेला. पण तो अंश आधुनिक नमुन्यातून मिसळला असावा, अशी शंका इतरांनी घेतली आणि वाद मिटला नाही.

तिसरे मत या दोन्हींपेक्षा साधे आहे. विषाणू कोणीही, केव्हाही आणला असो, तो टिकला तो लहान गावांच्या राहणीमुळे. गावातल्या गावात लग्ने, दोन-दोन वर्षे अंगावर पाजणे आणि बाहेरून कमी येणारी माणसे. प्रत्येक पिढीत आईकडून काही मुलांना आणि पतीकडून पत्नीला लागण होत राहिली तर विषाणू शतकानुशतके एका खाडीकाठी टिकतो, आणि डोंगरापलीकडच्या गावात सुरुवातीला एकही वाहक नसेल तर तिथे तो पोचतच नाही. गावागावांतला तीव्र फरक समजावण्यात मला हे मत सर्वांत सरस वाटते, पण आइनू आणि ओकिनावा ही दोन टोके ते एकट्याने समजावू शकत नाही. आज बहुतेक अभ्यासक दुसऱ्या आणि तिसऱ्या मताचा मेळ घालतात.

दात्यांवरून जनतेचा अंदाज

रक्तदाते म्हणजे जनता नव्हे, ही अडचण सर्वांना मान्य आहे. ती किती मोठी आहे यावर मात्र मतभेद आहेत. जपानमध्ये १६ ते ६९ या वयातलेच रक्त देऊ शकतात. पहिल्यांदा देणारे बहुतेक तरुण, तर वाहक बहुतेक वयस्क. म्हणूनच वरच्या मोजणीत दात्यांतले प्रत्यक्ष प्रमाण ०.३२ टक्के होते, आणि वय व भाग यांचा मेळ घालून जनतेसाठी काढलेले प्रमाण पुरुषांत ०.६६ व स्त्रियांत १.०२ टक्के. दुप्पट-तिप्पट फरक पडला तो या हिशेबाने. सत्तरीतल्या वाहकांची संख्याही अनुमानाने काढलेली आहे, कारण सत्तरीतला माणूस रक्त देत नाही.

याहून बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. तिथल्या रक्तदात्यांत हा विषाणू अत्यंत दुर्मीळ आहे. पण मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातल्या काही आदिवासी वस्त्यांत प्रौढांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लोक बाधित आढळले आहेत. ही माणसे रक्तदानाच्या व्यवस्थेपर्यंत पोचतच नाहीत. दात्यांच्या नकाशावर तो भाग स्वच्छ दिसतो. २०१८ साली गॅलो यांच्यासह अनेक संशोधकांनी जागतिक आरोग्य संघटनेला खुले पत्र लिहून या विषाणूकडे लक्ष देण्याची मागणी केली, त्यामागे या वस्त्यांची स्थिती हे एक मोठे कारण होते.

चाचण्यांच्या दर्जाचाही प्रश्न आहे. १९८०च्या दशकात उष्ण कटिबंधातल्या काही भागांतून फुगलेले आकडे आले आणि अधिक नेमक्या चाचण्यांनी ते टिकले नाहीत. पहिली चाचणी होकारार्थी आली तरी दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय असा आकडा नकाशावर मांडू नये, यावर आता एकमत आहे.

आईकडून की जोडीदाराकडून?

१९८७ साली हिनो शिगेओ यांच्या पुढाकाराने नागासाकीत गरोदर स्त्रियांची चाचणी आणि बाधित मातांना वरचे दूध देण्याचा सल्ला सुरू झाला. मुलांतली लागण सुमारे २० टक्क्यांवरून अडीच-तीन टक्क्यांवर आली. देशपातळीवर मात्र हे धोरण यायला २०१०-११ साल उजाडले. हा आजार ठराविक भागाचा आहे आणि आपोआप विझेल, ही धारणा त्या विलंबामागे होती. पंतप्रधान कान नाओतो यांनी २०१० साली विशेष गट नेमल्यावर चक्रे फिरली. नव्वद दिवसांपर्यंतचे अल्पकाळ स्तनपान आणि केवळ वरचे दूध यांत लागणीच्या दृष्टीने ठळक फरक नाही, असे अलीकडच्या जपानी पाहणीत दिसले, त्यामुळे मातांना काय सांगायचे याची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे.

आईचा मार्ग बंद केला की प्रश्न संपतो, या गृहीतकाला धक्का दिला तो रक्तदात्यांनीच. वारंवार रक्त देणारा दाता दरवेळी तपासला जातो, त्यामुळे आधी नकारार्थी असलेला केव्हा होकारार्थी झाला हे कळते. साताके यांच्या गटाने २०१६ साली अशा ३३,७५,८२१ दात्यांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यांतल्या ५३२ जणांना मधल्या काळात लागण झाली होती. त्यावरून देशात दरवर्षी किमान ४,१९० तरुण व प्रौढांना नवी लागण होते असा अंदाज निघाला, आणि त्यात सुमारे ३,२०० स्त्रिया. लैंगिक मार्गाने पुरुषाकडून स्त्रीला लागण अधिक सहज होते, हे जुने निरीक्षण इथे आकड्यांत उतरले.

याचा अर्थ लावताना दोन बाजू पडतात. काही अभ्यासक म्हणतात, प्रौढपणी लागण झालेल्यांना ल्युकेमिया होण्याची शक्यता फार थोडी, तेव्हा पैसा आणि श्रम गरोदर मातांवरच खर्चावेत. दुसऱ्यांचे म्हणणे, मज्जारज्जूचा आजार प्रौढपणीच्या लागणीनंतरही होतो आणि नव्याने बाधित झालेली तरुण स्त्री उद्याची आई आहे. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. मात्र जोडप्यांना नेमका कोणता सल्ला द्यावा, याबद्दल दोन्ही बाजूंकडे ठोस उत्तर नाही.

कुठे तपासावे, कोणाला तपासावे

प्रत्येक देशाने आपापला तोडगा काढला. अमेरिकेने १९८८ साली सर्व दात्यांची चाचणी सुरू केली. फ्रान्सने १९८९ साली कॅरिबियन प्रदेशांत आणि १९९१ साली मायभूमीत. ब्राझीलने १९९३ साली. ब्राझीलचा दात्यांचा नकाशा जपानइतकाच बोलका आहे. राज्यांच्या राजधान्यांतल्या दात्यांत दक्षिणेकडच्या फ्लोरियानोपोलिसमध्ये हजारी ०.४ तर ईशान्येकडच्या साओ लुईसमध्ये हजारी १०, म्हणजे पंचवीसपट फरक. इराणने फक्त खोरासानसारख्या प्रादुर्भावाच्या प्रांतांपुरती चाचणी ठेवली. मश्हद शहरातून बाहेर पडलेल्या ज्यू कुटुंबांत तो विषाणू इस्रायलमध्ये आणि न्यूयॉर्कमध्येही सापडला, तेव्हा प्रांताची सीमा किती कामाची, हा प्रश्न तिथेही उभा आहे.

विरुद्ध बाजूचा युक्तिवाद खर्चाचा. स्वीडनमधल्या १९९८च्या एका अभ्यासाने हिशेब मांडला, की तिथे चाचणीने दोनशे वर्षांत एक मृत्यू टळेल. म्हणून त्यांनी फक्त नव्या दात्याची एकदाच चाचणी सुचवली. ब्रिटनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाळण्याची पद्धत १९९९ साली स्वीकारली आणि २००२ साली चाचणी आणली, पण पुढे ती मुख्यतः नव्या दात्यांपुरती आणि न गाळलेल्या घटकांपुरती मर्यादित केली. पेशी गाळल्या की धोका बराच उतरतो, पूर्ण नाहीसा होत नाही. गाळणी पुरेशी आहे का, हा आजचा सर्वांत जिवंत वाद आहे.

बाधित दात्याला काय सांगायचे, हा वेगळाच पेच. रक्त द्यायला आलेल्या धडधाकट माणसाला कळवायचे, की तुमच्या शरीरात आयुष्यभराचा विषाणू आहे, त्यावर औषध नाही आणि बहुधा तुम्हाला काहीही होणार नाही. जपानी रेडक्रॉस दात्यांना निकाल कळवते. ज्या देशात समुपदेशन आणि पुढची तपासणी हाताशी नाही, तिथे असा निकाल हातात ठेवणे मला योग्य वाटत नाही.

भारताची जागा

आंत्वान जेसाँ आणि ऑलिव्हिए कसार या संशोधकांनी २०१२ साली जगातल्या वाहकांचा ५० लाख ते एक कोटी हा अंदाज मांडला, तो सुमारे दीड अब्ज लोकसंख्येच्या भागांपुरता होता. उरलेल्या जगाची भरवशाची माहिती नाही आणि त्या उरलेल्या जगात भारत आहे. आपल्याकडे रक्तपेढ्यांना एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच चाचण्या सक्तीच्या आहेत. एचटीएलव्ही त्यांत नाही. दक्षिण भारतातून ल्युकेमियाच्या आणि मज्जारज्जूच्या आजाराच्या तुरळक रुग्णांच्या नोंदी झाल्या आहेत, त्यामुळे विषाणू इथे आहे एवढे निश्चित.

लगेच सगळीकडे सक्तीची चाचणी आणावी, असे म्हणणे घाईचे होईल. पण आहेत त्या रक्तपेढ्यांवरून नकाशा काढू पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपले बहुसंख्य दाते पुरुष आहेत. महाराष्ट्रात गणेशोत्सव, जयंत्या आणि नेत्यांचे वाढदिवस यांनिमित्त होणाऱ्या शिबिरांच्या रांगेत मुख्यतः तरुण पुरुष दिसतात. हा विषाणू जिथे मोजला गेला तिथे बहुतेक ठिकाणी तो स्त्रियांत आणि वयस्कांत जास्त निघाला. म्हणजे आपल्या दात्यांवरून निघणारा आकडा खऱ्यापेक्षा बहुधा कमीच येणार. दक्षिणेतले आणि किनारपट्टीवरचे काही जिल्हे निवडून तिथल्या नव्या दात्यांबरोबर प्रसूतिपूर्व तपासणीला येणाऱ्या स्त्रियांचे नमुने, त्यांच्या संमतीने आणि खात्रीच्या दुहेरी चाचणीने, एकदा तपासले जावेत. चाचणी सक्तीची करायची की नाही, हे त्यानंतर ठरवावे.